घरी सगळं येतं, पेपरात सुचत नाही

दहावीच्या पहिल्या सराव परीक्षेचे निकाल लागले की दादरच्या माझ्या समुपदेशन केंद्रात एकच वाक्य निरनिराळ्या पालकांच्या तोंडून ऐकू येते : "मॅडम, याला घरी सगळं येतं, पेपरात मात्र काही सुचत नाही." याचे एक कारण सरळ असते : काही मुले पुस्तक उघडे ठेवूनच अभ्यास करतात, वाचताना सारे ओळखीचे वाटते आणि तेवढ्यावर त्यांना आपला अभ्यास झाला असे वाटते. अशा मुलांना पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहायला लावले की फरक पडू लागतो. दुसरे कारण अधिक चिवट असते आणि ते भांडुपच्या ओंकारच्या (नाव बदलले आहे) उदाहरणावरून नीट कळेल.

ओंकार लिहूनच सराव करणारा मुलगा होता. तरीही गणित भाग १ मध्ये त्याला ४० पैकी १९ गुण मिळाले होते आणि आईने त्याचा मोबाइल काढून घेऊन क्लासही बदलला होता. मी आधी उत्तरपत्रिका पाहायला मागितली. तिसऱ्या प्रश्नातले एक उदाहरण त्याने पुन्हा पुन्हा मांडून खोडले होते, तेही इतके दाबून की पेनाचे वळ पानाच्या मागच्या बाजूला उमटले होते. पुढची पाने कोरी होती.

"या उदाहरणाला किती गुण होते?"

"तीन."

"आणि पुढे किती गुणांचं राहिलं?"

"चौथ्यातले आठ, पाचव्यातले तीन. अकरा."

"मग हे सोडून पुढे का नाही गेलास?"

आई उत्तर द्यायला सरसावल्या, त्यांना मी हातानेच थांबवले. अशा वेळी गप्प राहता येणे हे या व्यवसायातले मोठे कसब आहे आणि ते मी सावकाश कमावले आहे, असे म्हणायला हरकत नाही. बऱ्याच वेळाने तो म्हणाला, "सोडलं असतं तर मला ते येत नाही असं झालं असतं. घरी आलं होतं ना, मग तिथे यायलाच पाहिजे होतं."

सगळी गाठ इथे होती. ओंकारची स्मरणशक्ती उत्तम होती. पण ज्या क्षणी ते उदाहरण अडले, त्या क्षणापासून तो गणित सोडवत नव्हता, तर आपण 'ढ' नाही हे स्वतःला सिद्ध करून दाखवत होता आणि त्यात वेळ निघून जात होता. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांच्या विवेकनिष्ठ विचारपद्धतीवर माझा विश्वास आहे, तो अशाच अनुभवांमुळे : अपेक्षेचा हट्ट झाला की भीती वाढते, आणि हट्ट तसाच ठेवून 'घाबरू नकोस' असे कितीही सांगितले तरी ती जात नाही. "आलं तर हवंच आहे, नाही आलं तर तीन गुण जातील, त्यापलीकडे काही नाही," हे वाक्य त्याच्याकडून तयार करून घ्यायला काही बैठका लागल्या.

मग मी त्याला एक विचित्र वाटणारा गृहपाठ दिला. सरावाला बसल्यावर त्याला हमखास जमणारे एखादे उदाहरण मुद्दाम अर्धवट सोडून पुढच्या प्रश्नाकडे वळायचे. पहिल्यांदा त्याची फार चुळबुळ झाली. नजर सारखी मागच्या पानाकडे जाई. पुढे ते अंगवळणी पडले. दुसऱ्या सराव परीक्षेत त्याने दोन उदाहरणे सोडली, परत आल्यावर एक सुटले, एक राहिले, आणि एकही पान कोरे नव्हते.

सोडायचे केव्हा, याचा हिशेब सोपा आहे. गणित, विज्ञान आणि समाजशास्त्रांचे पेपर ४० गुणांचे आणि दोन तासांचे असतात. दर गुणाला दोन मिनिटे धरली तर ८० मिनिटे होतात आणि ४० मिनिटे परतफेरीसाठी उरतात. तीन गुणांचे उदाहरण सहा मिनिटांत सुटले नाही तर सूत्र व जमलेल्या पायऱ्या न खोडता (गुण पायऱ्यांनाही असतात), खाली जागा सोडून पुढे जावे. ८० गुणांच्या भाषेच्या पेपरात तीन तासांपैकी याच हिशेबाने वीसच मिनिटे उरतात, म्हणून निबंधाचा सराव घड्याळ लावूनच करावा. २०२३ पासून मंडळ शेवटी देत असलेली वाढीव दहा मिनिटे हिशेबात धरू नयेत. ती प्रश्नक्रमांक आणि राहून गेलेले उपप्रश्न तपासण्यासाठी ठेवावीत.

पालकांना माझी एकच विनंती असते. मूल पेपर देऊन घरी आले की प्रश्नपत्रिका हातात घेऊन "हे का सोडलंस?" असे विचारू नये. तो हिशेब शेवटचा पेपर होईपर्यंत थांबू शकतो.