एअर रायफलने नीलिंगचा सराव कसा करावा? पाय बधिर होतो आणि ग्रुप उभा पसरतो

तुम्ही तीन अडचणी लिहिल्या आहेत: दहा मिनिटांत उजवा पाय बधिर होतो, छर्रे वर-खाली पसरतात, आणि उठून पुन्हा बसलं की ग्रुप, म्हणजे छर्ऱ्यांच्या भोकांचा पुंजका, दुसरीकडेच जातो. नीलिंगमध्ये, म्हणजे एक गुडघा टेकून टाचेवर बसून मारताना, या तिन्हींचं मूळ बहुतेक वेळा रायफलमध्ये नसतं, बुडाखाली असतं. बैठक जमिनीपासून वर बांधावी लागते. बरेच जण आधी रायफल खांद्याला लावतात आणि मग तिच्याभोवती शरीर जुळवत बसतात. तुमचंही तसंच होत असावं, म्हणून सुरुवात खालून करतो. वर्णन उजव्या हाताने मारणाऱ्यासाठी आहे, डावखुऱ्यांनी बाजू उलट्या समजाव्या.

आधी स्पर्धेबद्दल एक खुलासा. ऑलिंपिकमधली १० मीटर एअर रायफल फक्त उभं राहून मारतात. नीलिंग येतं ते ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (नीलिंग, प्रोन म्हणजे पालथं पडून, आणि उभं राहून), .२२ इंची गोळीच्या रायफलने. पण एअर रायफलच्याही तीन पोझिशनच्या स्पर्धा ज्युनियर नेमबाजांसाठी होतात, आणि फील्ड टार्गेटमध्ये, म्हणजे उघड्यावर वेगवेगळ्या अंतरांवरची लक्ष्यं पाडण्याच्या स्पर्धेत, काही लेन गुडघ्यावर बसून माराव्या लागतात. .२२ साठी तयारी करणारे एअर रायफलवर नीलिंगचा सराव करतात ते योग्यच आहे, कारण बैठक तीच असते आणि चूक लगेच दिसते. खाली दिलेल्या मर्यादा आंतरराष्ट्रीय महासंघाच्या, म्हणजे आयएसएसएफच्या आहेत. फील्ड टार्गेटचे नियम वेगळे असतात, ते आधी वाचून घ्या.

शरीर जमिनीला तीनच ठिकाणी टेकतं: डावा तळवा, उजवा गुडघा आणि उजव्या पायाची बोटं. मांडी किंवा बूड जमिनीला लागलेलं चालत नाही. उजव्या घोट्याच्या पुढच्या खोबणीत नीलिंग रोल, म्हणजे भरलेली लहान उशी, येतो, टाच वर राहते आणि टाचेवर तुम्ही बसता. रोल मऊ, दंडगोल, जास्तीत जास्त २५ सेंटिमीटर लांब आणि १८ सेंटिमीटर व्यासाचा असावा. रोल वापरत असाल तर पाऊल उभ्या रेषेपासून ४५ अंशांपेक्षा जास्त कललेलं चालत नाही.

पाय बधिर होण्याचं पहिलं कारण रोलचं भरणं. रोल गच्च भरला की तो लाकडाच्या ओंडक्यासारखा वागतो: घोट्याच्या पुढच्या बाजूला एकाच रेषेत दाब येतो, तिथल्या नसा आणि रक्तवाहिन्या दबतात. शिवाय बूड उंच राहून वजन पुढे डाव्या पायावर ढकललं जातं. अगदी रिकामा असेल तर घोटा खाली खचतो, पाऊल ताणलं जातं आणि सगळा भार बोटांवर येतो. भरणं इतकं ढिलं हवं की मुठीने मधोमध खळगा पाडता येईल आणि तो खळगा टिकेल. त्या खळग्यात घोटा बसवा, मग दोन्ही बाजूंचं भरणं घोट्याला कवेत घेतं आणि पाय डावी-उजवीकडे डुलत नाही. भरणं मूठभर कमी-जास्त करत जा आणि प्रत्येक बदलानंतर निदान तीन बैठका बसून बघा. एकाच दिवशी चारदा बदल केलात तर काय लागू पडलं ते कळणार नाही.

दुसरं कारण बूट. उजव्या बुटाची वरची लेस बसण्यापूर्वी सैल करा. घट्ट बांधलेला बूट आणि खालून रोल अशा दुहेरी दाबात पाऊल सापडतं. पँटची कंबरही थोडी सैल करावी. जॅकेटचा मागचा घेर मात्र वर ओढून घ्या: टाच आणि बूड यांच्यामध्ये पँट आणि आतले कपडे एवढंच चालतं.

आता बसणं. लक्ष्याच्या रेषेला साधारण ३० ते ४५ अंश उजवीकडे तोंड करा. रोल ठेवा, उजवा गुडघा टेकवा, घोटा खळग्यात घाला आणि टाच माकडहाडाच्या बरोबर खाली येईल असे बसा. टाच एका कुल्ल्याखाली गेली की कमरेतून शरीर वाकडं होतं, मग पाठीचे स्नायू तो तोल सांभाळत राहतात आणि सात-आठ छर्ऱ्यांनंतर थकतात. निम्म्याहून जास्त वजन टाचेवर आणि रोलवर यायला हवं. तपासायचं असेल तर रायफलशिवाय बसा आणि डावा तळवा अलगद उचलायचा प्रयत्न करा. पाऊल हलकं वाटलं तर वजन मागे आहे. तोंडावर पडल्यासारखं झालं तर रोल उंच आहे, नाहीतर तुम्ही पुढे झुकला आहात.

पाठ ताठ ठेवू नका. मणका किंचित गोल होऊन, खांदे सैल सोडून बसा. लष्करी ताठपणा दोन मिनिटं टिकतो, सामना नाही.

डावा पाय समोर ठेवताना नडगी समोरून बघितल्यावर उभी दिसली पाहिजे. ती आत किंवा बाहेर कलली तर गुडघा सारखा त्या बाजूला जाऊ पाहतो आणि ग्रुप आडवा पसरतो. डावा कोपर गुडघ्यावर टेकलेला असणं सक्तीचं आहे. कोपराचं टोक गुडघ्याच्या टोकापासून पुढे १०० मिलिमीटर किंवा मागे १५० मिलिमीटरपेक्षा जास्त गेलेलं चालत नाही. ही नियमाची हद्द झाली. प्रत्यक्षात टोकावर टोक कधीच ठेवू नका, दोन गोल हाडं एकमेकांवर घसरतात. कोपराच्या टोकाच्या जरा वरचा, दंडाच्या मागचा सपाट भाग गुडघ्याच्या सपाटीवर बसवा. जॅकेटच्या बाहीची घडी गुडघ्यात नेमकी कुठे अडकते ते लक्षात ठेवा आणि दर वेळी तीच घडी शोधा.

स्लिंग, म्हणजे रायफलपासून डाव्या दंडाला बांधायचा पट्टा, दंडावर जितका वर, काखेजवळ, तितका बरा. मधोमध आला की धमनी दबते आणि पुढच्या साईटमध्ये प्रत्येक ठोक्याला उडी दिसते. ती दिसली तर स्लिंग वर सरकवा किंवा एक भोक सैल करा. घट्टपणा योग्य आहे का, हे डाव्या हाताच्या बोटांना विचारा: बोटं पूर्ण उघडी ठेवूनही रायफल जागची हलली नाही तर ठीक. बोटांनी दस्ता धरावा लागतोय, म्हणजे स्लिंग सैल आहे किंवा हँडस्टॉप, म्हणजे दस्त्याखालचा डावा हात अडवणारा तुकडा, चुकीच्या जागी आहे. प्रोनच्या तुलनेत नीलिंगमध्ये हँडस्टॉप काही सेंटिमीटर मागे येतो. बटप्लेट, म्हणजे दस्त्याच्या मागची खांद्याला टेकणारी पट्टी, अशा उंचीवर ठेवा की मान न वाकवता गाल दस्त्यावर येईल. डोळे मिटून डोकं सहज टेकवा आणि मग उघडा. मागच्या साईटच्या भोकात पुढची साईट मधोमध दिसली तर जमलं. नाही दिसली तर मान नका हलवू, बटप्लेट किंवा गालपट्टी हलवा. जमलेल्या मांडणीचे पट्टीवरचे आकडे वहीत टिपून ठेवा: हँडस्टॉपचा आकडा, स्लिंगचं भोक, बटप्लेटची उंची.

यानंतर नैसर्गिक नेम, ज्याला रेंजवर एनपीए म्हणतात. लक्ष्यावर नेम धरा, डोळे मिटा, दोन-तीन श्वास घेऊन अंग सैल सोडा, डोळे उघडा. साईट जिथे गेली तिथे तुमचं शरीर खरोखर बघतंय. डावीकडे-उजवीकडे गेली असेल तर रोलवरचा टेकू केंद्र मानून सगळी बैठकच थोडी फिरवा. खाली गेली असेल तर डावा पाय किंचित जवळ घ्या: गुडघा उंचावतो, नळी वर येते. वर गेली असेल तर पाय पुढे सरकवा. हँडस्टॉप मागे घेतला की नळी वर जाते, पुढे नेला की खाली येते, पण पाच-दहा मिलिमीटरच्या फरकासाठी पायच हलवावा. हाताच्या जोराने साईट ओढून मध्यावर आणली तर ट्रिगर सुटताच रायफल आपल्या मूळ जागी परत जाते, आणि छर्रा तिच्याबरोबर.

हे एअर रायफलवर जास्त जाणवतं. छर्रा नळीतून साधारण १७० ते १८० मीटर प्रति सेकंद वेगाने निघतो, .२२ ची गोळी ३०० मीटरच्या वर. म्हणजे छर्रा नळीत जास्त वेळ असतो आणि तेवढा वेळ तुमची हालचाल त्याला लागू होते. ट्रिगर सुटल्यावर दोन सेकंद डोळा साईटवर आणि बोट मागेच ठेवा.

उभा ग्रुप आला की पहिला संशय श्वासावर घ्या. श्वास घेताना छाती फुगते, नळी खाली जाते. सोडताना वर येते. सहज श्वास सोडल्यानंतर जो नैसर्गिक विराम येतो, तिथेच मारा, आणि ६ ते ८ सेकंदांत सुटला नाही तर रायफल खाली घ्या. ओढून-ताणून मारलेला छर्रा फुकट जातो, शिवाय तीच सवय लागते. श्वास ठीक असेल तर कोपर बघा. छर्रे एकेक करून खाली उतरत असतील तर स्लिंग दंडावरून घसरतोय: जॅकेटवरचं हुक वापरा. दहा-बारा छर्ऱ्यांनंतरच उतरायला लागले तर रोलचं भरणं दबून बूड खचतंय. आडव्या ग्रुपसाठी टाचेची जागा आणि डावी नडगी तपासा. एकटादुकटा छर्रा लांब गेला तर बहुतेक वेळा ट्रिगरला झटका बसलेला असतो, त्यासाठी बैठक मोडू नका.

छर्रा भरताना बैठक टिकवणं हाही सरावाचाच भाग आहे. डावा कोपर गुडघ्यावरून न उचलता बट खांद्यातून काढा, नळी लक्ष्याच्याच दिशेने ठेवा, उजव्या हाताने लिव्हर उघडून छर्रा ठेवा. छर्ऱ्यांची डबी उजव्या हाताला सहज पोहोचेल अशी ठेवा. डबीसाठी दर वेळी वाकलात तर बुडाखालची टाच दर वेळी थोडी सरकते.

सरावाचा क्रम मी असा सुचवेन. पहिला आठवडा रायफलशिवाय: रोलवर ५ मिनिटं बसणं, उठून घोटा-गुडघा मोकळा करणं, असं तीनदा. जमेल तसं दर आठवड्याला २-३ मिनिटं वाढवा. मुंग्या येऊ लागल्या की उठा, बधिर पायावर एकदम वजन देऊ नका. गुडघ्याच्या सांध्याच्या आत दुखलं तर त्या दिवशी थांबा, ते सवयीने जाणारं दुखणं नाही. दुसऱ्या आठवड्यात रायफल आणि स्लिंग घेऊन, छर्ऱ्याशिवाय, एका मिनिटाचे होल्ड, म्हणजे लक्ष्यावर नेम स्थिर धरून ठेवणं, आणि डोळे मिटून एनपीए तपासणं, दहा वेळा. रायफलला ड्राय फायरची, म्हणजे छर्ऱ्याशिवाय ट्रिगर सोडण्याची, सोय असेल तर तिथेच ट्रिगरचाही सराव करा. स्प्रिंग-पिस्टनची रायफल रिकामी उडवू नका, पिस्टन थेट आदळून सील आणि स्प्रिंग खराब होतात. तिसऱ्या आठवड्यापासून छर्रे, तेही आधी कोऱ्या पांढऱ्या कागदावर. वर्तुळं नसली की मन गुणांत अडकत नाही आणि होल्ड कसा आहे ते कळतं.

मग सगळ्यात उपयोगाचा सराव, तुमच्या तिसऱ्या अडचणीसाठी. ५ छर्रे मारा. उठा, स्लिंग काढा, रोल उचला, चार पावलं चाला. परत येऊन सगळं पहिल्यापासून बांधा आणि साईटला हात न लावता दुसऱ्या लक्ष्यावर ५ मारा. असे चार ग्रुप. ग्रुपचा आकार नंतर बघा, आधी चारही ग्रुपचे मध्य एकमेकांपासून किती लांब आहेत ते मोजा. तुलनेसाठी माप सांगतो: १० मीटरच्या रायफल लक्ष्यावर दहाचा ठिपका फक्त ०.५ मिलिमीटरचा असतो आणि ४.५ मिलिमीटरचा छर्रा त्याला नुसता शिवला तरी १० मिळतात. म्हणजे छर्ऱ्याचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून २.५ मिलिमीटरच्या आत हवा. चार ग्रुपचे मध्य त्याहून लांब पडत असतील तर एकेक ग्रुप कितीही घट्ट आला तरी बैठक अजून दर वेळी वेगळीच होतेय. २० छर्ऱ्यांच्या या सरावातून शंभर सलग छर्ऱ्यांपेक्षा जास्त कळतं, कारण सलग मारताना पहिल्या छर्ऱ्याला झालेली चूक शंभराव्यापर्यंत तशीच राहते.

नळी मोडून भरायची स्प्रिंग रायफल असेल तर प्रत्येक छर्ऱ्याला बैठक मोडतेच. तेव्हा दोन्ही पाय आणि बूड न हलवता फक्त वरचा भाग मोकळा करा, आणि कोपर त्याच घडीत परत आणा. अशा रायफलला पिस्टनचा दुहेरी धक्का असतो, घट्ट स्लिंगमुळे छर्ऱ्याची जागा बदलते. स्लिंग सैल किंवा अजिबात नको, डावा तळवा नुसता आधाराला, आणि साईट त्याच पकडीवर लावलेली असावी.

जागा लावताना लक्ष्य आणि छर्रे अडवणारी पेटी बसल्यावरच्या नळीच्या उंचीला खाली आणा. उभ्याचं लक्ष्य १.४० मीटरवर असतं, तेच ठेवून बसलात तर एनपीए कधीच जुळणार नाही. १० मीटर अंतर रेषेपासून लक्ष्याच्या कागदापर्यंत मोजा आणि डावा पाय रेषेच्या मागे राहील असे बसा. डोळ्यांवर सुरक्षेचा चष्मा हवाच, आणि छर्रे शिशाचे असतात, सराव संपला की हात धुऊनच काही खा.