वाचक विचारतात: लॅपटॉप नाही, मोबाईलवर बीए होईल का?

प्रश्न: ताई, मी अंबड एमआयडीसीत ऑपरेटर आहे, वय ४३. बारावीनंतर शिक्षण सुटलं ते सुटलंच, आता मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलंय. घरात लॅपटॉप नाही. मुलगा म्हणतो पप्पा मोबाईलवर अभ्यास होत नसतो, तुम्ही रील्सच बघत बसाल. घेऊ का हप्त्यावर? – एक वाचक, सिडको

उत्तर: अजिबात घेऊ नका भाऊ. आपलं नाशिकजवळच्या गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून तुमच्यासारख्या कामावर जाणाऱ्यांना शिकवतंय, तेव्हा कुठे होते मोबाईल, लोक पुस्तकांवरच पास झाले ना. तर मुख्य अभ्यास पुस्तकातूनच करा, मोबाईल जोडीला. बारक्या स्क्रीनवर पीडीएफ मोठी करून डावी-उजवीकडे सरकवत वाचायची म्हणजे दहा मिनिटांत डोळे आणि डोकं दोन्ही दुखतं, त्यापेक्षा धडा स्वतः मोठ्याने वाचा, रेकॉर्ड करा, आणि सिटीलिंकच्या बसमध्ये कानात घालून ऐकत जा. स्वतःच्याच आवाजात धडा ऐकायला सुरुवातीला विचित्र वाटेल, पण डोक्यात बसतो.

कीबोर्डवरच्या माईकला मराठीत बोललं की आपोआप टाईप होतं, मुद्दे काढायला एकदम भारी. पण पेपर पेनानेच लिहायचाय, आणि तुमचा हात इतक्या वर्षांत लिहायचा राहिलाय, म्हणून रोज एक उत्तर वहीत घड्याळ लावून लिहाच, हे मोबाईल नाही करून देणार.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपचं मात्र जपून. गुड मॉर्निंगच्या फुलांखाली असाइनमेंटची तारीख गाडली जाते, कामाचा मेसेज दिसला की लगेच स्टार करून ठेवा, तारखा वेबसाईटवर बघूनच पक्क्या करा. आणि 'रिझल्ट' नावाची एपीके फाईल (म्हणजे फोनमध्ये अ‍ॅप टाकणारी फाईल, त्यातूनच पैसे चोरतात) कोणीही पाठवली, अगदी ओळखीच्याने, तरी उघडायची नाही, त्याचाही फोन हॅक झालेला असू शकतो. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनला फोन.

रील्सचं म्हणाल तर मुलगा चुकीचं बोलत नाहीये. अभ्यासाच्या वेळी नेट बंद, रेकॉर्डिंगला नेट लागत नाही.

प्रश्न: 'स्वयम' या ऑनलाईन शिक्षणाच्या वेबसाईटवरचे कोर्स खरंच फुकट असतात का? – एक गृहिणी, पंचवटी

उत्तर: हो, व्हिडिओ बघायला, शिकायला काही पैसे नाहीत, सर्टिफिकेट हवं असेल तर परीक्षेची फी भरायची. सरकारीच आहे, २०१७ पासून चालू. आधी शिकून बघा, आवडलं तरच फी भरा.