केमिस्ट्री वाया कशी जाईल?

नाशिकरोडहून एका वडिलांचं पत्र आलंय. मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. आता म्हणते, लॅब नको, कोर्टात उभं राहायचंय. 'मग ही दोन वर्षं पाण्यातच ना?' असं ते विचारतात.

सप्रेम नमस्कार.

पाण्यात मुळीच नाही. केमिस्ट्री कोर्टातही कामी येते, आणि हे बऱ्याच वकिलांच्याही उशिरा लक्षात येतं.

रक्ताचे डाग असलेला शर्ट घ्या. पंचनाम्यात तो जप्त झाला, लाखेचं सील लागलं, पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून राहिला आणि मग प्रयोगशाळेत गेला. 'सीए रिपोर्ट', म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल आला, डीएनए जुळला. म्हणजे गुन्हा शाबीत? नाही. रक्त कोणाचं, एवढंच डीएनए सांगतो. ते शर्टावर केव्हा आणि कसं आलं, हे सांगत नाही. सील शाबूत होतं का, मधले दिवस शर्ट कोणाच्या ताब्यात होता, ओला असतानाच प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबला होता का? ओलाव्याने नमुना कुजतो, हे केमिस्ट्री शिकलेल्या पोरीला शिकवावं लागत नाही. उलटतपासणीत नेमकं तेच विचारायचं असतं. असा प्रश्न कुणी विचारलाच नाही, तर निरपराध माणूस अडकू शकतो किंवा गुन्हेगार सुटू शकतो. मला फॉरेन्सिकची, म्हणजे पुराव्याच्या वैज्ञानिक तपासणीची, एवढी कळकळ आहे ती यामुळेच.

१ जुलै २०२४पासून नवे फौजदारी कायदे आले. सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जायचं, असं त्यांतल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७६ मध्ये आहे. ते लागू करायला राज्यांना पाच वर्षांची मुदत आहे. म्हणजे तुमची मुलगी वकिलीची सनद घेईल तोवर असे रिपोर्ट वाढलेले असतील. ते वाचता येणारे वकील लागतीलच.

बी.एस्सी. मात्र अर्धवट सोडू देऊ नका. पदवीनंतर सीईटी देऊन तीन वर्षांचं एलएल.बी. नाशिकमध्येच होईल. पुढे फॉरेन्सिकचा एखादा पदविका अभ्यासक्रम जोडता येईल, पण त्याची घाई नाही. आणि वकिलीत सुरुवातीची काही वर्षं हाती फार पैसा येत नाही, त्याची तयारी घरात आधीच ठेवा.

सुट्टीत एक दिवस तिच्यासोबत नाशिकच्या सीबीएस बसस्थानकाजवळच्या जिल्हा न्यायालयात जा. सत्र खटल्यात पंचाची साक्ष चालू असेल तिथे मागच्या बाकावर बसा, मोबाईल बंद ठेवून. घरी आल्यावर तिला विचारा, त्या पंचाला तिने काय विचारलं असतं. तिचं उत्तर मला जरूर कळवा.