चौदा वर्षांच्या मुलीच्या डोक्यात चाई पडली (गोल चट्ट्यात केस गळले), ती शाळेत जायला तयार नाही. काय करावं?

आधी चाईच आहे ना, हे त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. गावात नसतील तर रत्नागिरी किंवा कुडाळला जा. चट्टा गुळगुळीत असेल तर बहुधा चाई. खवले, खाज, तुटके खुंट दिसले तर गजकर्ण. ते पसरतं, पोटातून काही आठवडे गोळ्या लागतात. त्यावर मेडिकलमधून आणलेलं स्टिरॉइडचं मलम लावलंत तर चिघळतंच.

चाई मात्र कोणाला लागत नाही. वर्गशिक्षकांना हे आधीच सांगून रुमाल बांधायची परवानगी घ्या. रुमाल सुतीच हवा, आपल्याकडच्या घामात नायलॉन टोचतो. बिब्बा, लसूण चोळू नका, कातडी भाजते. खोबरेल लावा हवं तर, पण त्याने चाई भरत नाही. छोटे चट्टे बरेचदा वर्षभरात आपोआप भरतात; नवे केस आधी पांढरे, बारीक येतात, म्हणून घाबरू नका.

गणपतीत पाहुणे विचारणारच! "चाई आहे, औषध चालू आहे," एवढंच उत्तर तिच्याशी बोलून ठरवा. रोज आरशात चट्टे मोजण्यापेक्षा महिन्यातून एक फोटो काढा. भुवया गळू लागल्या किंवा तिने मैत्रिणींशी बोलणंच सोडलं, तर डॉक्टरांनी दिलेल्या पुढच्या तारखेपर्यंत थांबू नका.