प्रश्न गांजाचा की अटकेचा?

प्रश्न : अमेरिकेचे सिनेटर कोरी बुकर गांजावरील बंदी उठवण्याची मागणी करतात आणि तिला वांशिक न्याय म्हणतात. व्यसनाला न्यायाचा मुलामा देण्याचाच हा प्रकार नव्हे काय?
— एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : शंका रास्त आहे, परंतु बुकर यांनी १ ऑगस्ट २०१७ रोजी मांडलेल्या विधेयकाचा सारा रोख अटकेवर होता. न्यू जर्सीचे हे प्रतिनिधी स्वतः दारूलाही शिवत नाहीत. त्यांचा आक्षेप असा, की गोरे आणि कृष्णवर्णीय साधारण सारख्याच प्रमाणात गांजा ओढतात, तरी तो बाळगल्याबद्दल अटक होण्याची शक्यता, अमेरिकन सिव्हिल लिबर्टीज युनियन या नागरी हक्क संघटनेच्या २०२० च्या अहवालानुसार, कृष्णवर्णीयांच्या बाबतीत सुमारे ३.६ पट आहे. म्हणून १९७० च्या अमली पदार्थांविषयीच्या संघीय कायद्याने हेरॉइनच्या पंगतीत बसवलेला गांजा त्या कायद्याच्या यादीतून वगळावा, वापराच्या व बाळगण्याच्या जुन्या संघीय शिक्षांच्या नोंदी पुसाव्यात, आणि जेथे बंदी कायम ठेवून गरीब व अल्पसंख्याकच अधिक पकडले जातात, त्या राज्यांचा काही केंद्रीय निधी रोखावा, असे त्यात होते. विधेयक संमत झाले नाही. माझ्या मते नोंदी पुसण्याचे कलम सर्वांत मोलाचे, कारण शिक्षा भोगून झाली तरी नोकरीच्या अर्जात आणि भाड्याचे घर शोधताना ती नोंद आडवी येतच राहते.

कोल्हापूरकरांना तरी हा विचार परका वाटू नये. महार, मांग, रामोशी, बेरड यांना, अंगावर कोणताही गुन्हा नसताना, केवळ जातीमुळे गावात रोज हजेरी द्यावी लागे. ती पद्धत राजर्षी शाहू महाराजांनी १९१८ मध्ये आपल्या संस्थानात बंद केली. त्यामुळे चोरीला मुभा मिळाली, असे कोणी म्हणणार नाही.

अर्थात, बुकर यांचा उपाय येथे जसाच्या तसा लागू करावा, असे मी सुचवत नाही. आपल्या १९८५ च्या एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थविरोधी, कायद्याखाली एक किलोपर्यंतचा गांजा अल्प प्रमाण धरला जातो, तरीही त्याबद्दल एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. (शिवरात्रीची भांग, निव्वळ पानांची असल्यास, गांजाच्या व्याख्येबाहेर राहते.) मात्र याच कायद्याच्या कलम ६४अ नुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातील व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त रुग्णालयात उपचार घेतले, तर तिच्यावरील खटला टळू शकतो. पकडलेल्या पोराच्या आईवडिलांना हे कलम प्रत्यक्षात कोणी सांगते का, ते वकिली करणाऱ्या वाचकांनी अवश्य कळवावे.