हळदीचा मसाला चहा: वाचकांचे प्रश्न

चहाला कच्च्या हळदीचा वास येतो आणि तळाला गाळ बसतो. काय चुकतं? (गुहागर)

हळद थेट उकळत्या पाण्यात पडते, तिथेच चुकतं. हळदीतला पिवळा अंश, म्हणजे कर्क्युमिन, पाण्यात जवळजवळ विरघळत नाही. त्याला तूप-तेल लागतं. दोन कपांसाठी अर्धा चमचा तूप किंवा खोबरेल मंद आचेवर गरम करा, त्यात पाव चमचा हळद टाका. कडेने पिवळा फेस आला की लगेच अडीच कप पाणी ओता. हळद तपकिरी झाली तर चहा कडूच होणार, ती टाकून पुन्हा करा. मग चार-पाच ठेचलेले मिरे, एक लवंग, बोटाच्या पेराएवढी दालचिनी आणि अर्धा इंच आलं घालून आठ मिनिटं उकळा. मिरी वगळू नका. तिच्यातल्या पिपेरिनमुळे कर्क्युमिन अंगी जास्त लागतं. गवती चहाची पाती मात्र शेवटी घालून झाकण ठेवा, नाहीतर सुवास वाफेबरोबर जातो. थोडा गाळ राहणारच. ढवळून प्या.

गूळ घातला की दूध फाटतं. (मालवण)

गूळ किंचित आंबट असतो, उकळत्या दुधाला तेवढं पुरतं. आच बंद करून दोन मिनिटांनी गूळ घाला, किंवा सरळ कपात. ताजं आलंही दूध फाडतं, म्हणून ते आधी पाण्यात चांगलं उकळलेलं हवं. दुधाऐवजी नारळाचा रस छानच लागतो, पण तो उतरवल्यावर घालावा. उकळला की फुटतो.

परसातली ओली हळद किती घ्यावी? (दापोली)

वाळल्यावर ती साधारण पाचवा हिस्सा उरते, त्यामुळे पाव चमचा पुडीऐवजी इंचभर तुकडा ठेचून घ्या. मात्र आधी नखाने खरवडून बघा. आत गर्द केशरी दिसली तर ती आपली हळद. फिकट पिवळी आणि कैरीसारखा वास, तर ती आंबेहळद. ती मुक्या मारावर उगाळून लावायची, चहात नको.

सर्दी-खोकल्याला रोज द्यावा का? (अलिबाग)

घसा बसला, पडसं झालं की आपल्याकडे हा चहा पिढ्यान्‌पिढ्या देतात. गरम, तिखट पेयाने घसा शेकतो, नाक मोकळं होतं. दिवसातून एक कप पुरे. जास्त हळदीने गुण वाढत नाही, पोटात मात्र जळजळ होऊ शकते. ताप उतरत नसेल तर दवाखान्यात जा. रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असतील किंवा पित्ताशयात खडे असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय रोज घेऊ नका. हे आग्रहाने सांगतो, कारण घरगुती म्हणून आपण निर्धास्त राहतो.

कपड्यावर डाग पडला, साबण लावताच लाल झाला! (वेंगुर्ला)

साबणातल्या क्षाराने हळद लाल होते. कपडा धुवून ओलाच कडक उन्हात टाका, हळदीचा रंग उन्हाने उडतो. एका दिवसात नाही गेला तर दुसऱ्या दिवशी पुन्हा.