दोन वर्षांच्या शर्यतीच्या घोड्याच्या प्रकृतीची जबाबदारी नक्की कोणाची, मालकाची की ट्रेनरची?

रोजची जबाबदारी ट्रेनरची. पण घोड्याला कधी पळवायचं, याची घाई बहुतेक वेळा मालकाकडून येते, म्हणून मालकही यातून सुटत नाही. बहुतेक देशांच्या शर्यतीच्या नियमांनुसार घोडा कोणत्या अवस्थेत धावायला आला आणि त्याच्या अंगात कोणतं औषध सापडलं, याचं उत्तर ट्रेनरलाच द्यावं लागतं. खरी अडचण वयाची आहे. उत्तर गोलार्धात थरोब्रेड, म्हणजे शर्यतीसाठी पैदास केलेल्या जातीच्या, घोड्यांचं वय कागदोपत्री १ जानेवारीला वाढतं. त्यामुळे मे महिन्यात जन्मलेलं शिंगरू दोन वर्षं पुरी होण्याच्या कितीतरी आधीच दोन वर्षांचं ठरतं. तेव्हा पुढच्या पायाच्या गुडघ्यावरच्या हाडाची वाढ चालूच असते आणि मणक्यांची तर त्यानंतरही काही वर्षं चालते. गुडघ्याखालच्या नळीच्या हाडाची पुढची बाजू दुखणं ही या वयातली नेहमीची तक्रार. ती दिसली की काम कमी करायचं. वेदनाशामक देऊन पळवणं हा सरळ अन्याय आहे. अर्थात, या वयात अजिबात पळवू नये असं नाही. थोडा, टप्प्याटप्प्याने वाढवलेला ताण मिळाला तर वाढतं हाड मजबूत होतं, आणि दिवसभर तबेल्यात कोंडणं त्याला मारकच. तुम्ही मालक असाल तर ट्रेनरला आधीच लेखी कळवा: पशुवैद्य थांबा म्हणाले की घोडा शर्यतीतून मागे घ्यायचा, प्रवेश फी बुडाली तरी चालेल.